वल्हं मारणारी आत्या

आमचं गाव गोदावरीच्या काठावर, कुंभार पिंपळगावच्या खालच्या अंगाला. आत्याला दिलं होतं नदीपलीकडच्या गावात. तेव्हा पूल नव्हता, त्यामुळे लग्न लागल्यावर तिची पाठवणी लाकडी नावेतूनच झाली. मी करवली म्हणून तिच्याजवळ बसले होते. नावेला नुकतंच डांबर फासलं होतं. त्या डांबराच्या वासात मिसळलेला हळदीचा वास मला अजून आठवतो.

काठ सुटला तशी आत्या हमसून रडू लागली. नवरदेव बावरून पाण्याकडे बघत राहिला. म्हाताऱ्या नावाड्यानं जरा वेळ जाऊ दिला, मग दुसरं वल्हं तिच्या हातात दिलं.

"घे माय, हाण जरा. धार लई ओढून राह्यली, मला एकट्याला जमंना."

आत्यानं पदर खोचला. पहिल्याच फटक्याला नाव गर्रकन फिरली, बायका किंचाळल्या. पण हळूहळू तिचा हात बसला. पलीकडे उतरली तेव्हा कुंकू घामानं ओघळलं होतं, डोळे मात्र कोरडे होते. सासू हसत म्हणाली, "सून आन्ली का नावाडी?"

पुढे माहेरी येताना ती दर वेळी वल्हं मारतच यायची. वल्ह्याच्या ठेक्यावर तिच्या बांगड्या वाजायच्या; धुक्यात ती दिसायच्या आधी ऐकू यायची.

मग पूल झाला. नावाडी गेला, त्याची नाव काठावर पालथी पडून कुजली. आत्या मोटारसायकलवर मागे बसून येऊ लागली.

गेल्या दिवाळीत ती परत निघाली, तेव्हा काठाला एका मासे धरणाऱ्याची लाकडी नाव लागलेली दिसली. आत्या थेट त्याच्याकडे गेली.

"बाबा, पलीकडं सोड मला. वल्हं मी मारते."

"मावशी, पूल हाय की!"

"म्हाईत हाय मला."

तिचे यजमान वैतागले. "गुडघे दुखतेत म्हणून रोज कण्हती, अन् हे काय?" पण ती नावेत बसलीसुद्धा. मीही चढले. ते एकटेच पुलावरून निघाले.

हात काही विसरले नव्हते. मधोमध आल्यावर तिनं वल्हं उचलून धरलं. नाव आपसूक तरंगत राहिली.

"दमलीस का गं?" मी विचारलं.

"न्हाई. बसू दे जरा. पुलावर कोण थांबू देतंय?"

पलीकडच्या काठावर यजमान केव्हाच पोहोचले होते. हात हलवून हाका मारत होते. आत्यानं ऐकलं, गालात हसली, आणि आणखी सावकाश वल्हं मारू लागली.