सातव्या ओळीतलं शून्य

नाथाजी मूळचे वडूजकडचे. लष्करात सिग्नल विभागात बावीस वर्षं काढून साताऱ्यात माझ्या शेजारी राहायला आले ते रेडिओचं यंत्र घेऊनच. रीतसर परवाना होता. रोज सकाळी कुठल्या कुठल्या गावच्या हौशी लोकांशी बोलत बसायचे. मी कॉलेजात गणित शिकवून निवृत्त झालेली. मला हा रिकामपणचा उद्योग वाटायचा आणि मी तसं तोंडावर सांगायचेही. ते हसायचे. "आवं बाई, कवा उपयोगी पडंल सांगता येत न्हाई."

सांगलीला पूर आला तेव्हा पडला.

माझी थोरली बहीण गोदाताई तिथे एकटी. खुब्याचं ऑपरेशन होऊन तीनच आठवडे झालेले, त्यामुळे वरच्या खोलीतून गच्चीच्या शिडीवर चढणं अशक्य. सकाळी तिचा शेवटचा फोन आला, "पाणी नवव्या पायरीला आहे गं." जिना बारा पायऱ्यांचा. मग फोन बंद.

दुपारी नाथाजींना सांगलीच्या मदत छावणीतला कृष्णात रेडिओवर सापडला. रबरी होडी होती, ती चालवणारा बिराप्पा होता, पण कृष्णात म्हणाला, "ताईंच्या कॉलनीच्या कुंपणाला लोखंडी भाले हायत. पाण्याखाली गेल्यात. होडी टराटरा फाटंल. फाटक कुठं हाय, कुणालाच ठावं न्हाई."

मला ठाऊक होतं. ताईच्या घराचा प्लॉट आधी मीच घेतला होता. कॉलनीचा नकाशा माझ्या कपाटात होता. पण पाठवायचा कसा? तिकडचे फोन बंद, आणि तोंडी सांगावं तर खुणा सगळ्या पाण्याखाली. रेडिओवरून आवाज जातो, कागद जात नाही.

नाथाजींनी आलेखाच्या कागदावर सोळा बाय सोळा चौकोन आखले. घरं, भिंती काळ्या केल्या, मोकळी वाट पांढरी ठेवली. "एकेक चौकोन सांगितला तर दोनशे छप्पन्न शब्द. कृष्णातची बॅटरी मरायला लागलीया. तवा सलग सारखे किती, त्येवढाच आकडा सांगायचा. आख्खी ओळ पांढरी, तर नुसतं सोळा. रंगाचं नावबी घ्यायचं न्हाई. आधी पांढरे, मग काळे, मग परत पांढरे. फॅक्सचं मशीन असंच बोलतंय."

भिंती आणि रस्ते लांबलचक, म्हणून हे जमत होतं. बुद्धिबळाचा पट असता तर एक शब्द वाचला नसता.

"एक: सोळा. दोन: चार, आठ, चार." प्रत्येक ओळीची बेरीज सोळा भरली की पलीकडून कृष्णात "बरोबर" म्हणायचा. मला मात्र पायऱ्याच दिसत होत्या. दहावी. अकरावी.

सातवी ओळ कुंपणाची. ती काळ्यानेच सुरू होत होती, म्हणजे आधीचे पांढरे शून्य.

"सात: शून्य..."

"शून्य काय सांगताय!" मी ओरडले. "नसलेलं कशाला मोजायचं? ती बुडतेय तिकडे!"

नाथाजी दचकले. "सात: पाच, दोन, नऊ."

"बरोबर," कृष्णात म्हणाला.

सोळाव्या ओळीनंतर तो म्हणाला, "चित्र झालं. बिराप्पा निघाला."

नाथाजींना एक सवय होती. सांगून झालं की स्वतः बोललेल्या आकड्यांवरून ते चित्र पुन्हा काढून बघायचे. काढता काढता सातव्या ओळीवर त्यांची पेन्सिल थांबली. मी वाकून पाहिलं. शून्य गाळल्यामुळे पहिले पाच पांढरे ठरले होते आणि पुढचे सगळे रंग उलटले होते. फाटकाची भिंत झाली होती आणि भाल्यांच्या भिंतीची मोकळी वाट. बेरीज मात्र सोळाच. बिराप्पा सरळ भाल्यांवर जाणार होता.

"कृष्णात! होडी थांबव! सात: शून्य, पाच, दोन, नऊ! शून्यापासनं!"

नुसती खरखर. त्यांनी पुन्हा सांगितलं. पुन्हा खरखर. मग तुटक आवाज आला, "...शिट्टी मारतो..." आणि तिकडची बॅटरी संपली.

सव्वादोन तास. मी देवाधर्माची बाई नव्हे. ओठातल्या ओठात शून्य, पाच, दोन, नऊ म्हणत बसले. एक बहीण पाण्यात आणि एक अनोळखी माणूस माझ्या तोंडामुळे भाल्यांवर. नाथाजींनी कानावरचा हेडफोन काढला नाही.

पाचच्या सुमाराला फोन परत लागू लागले आणि कुणाच्या तरी फोनवरून गोदाताई बोलली. "अगं, फाटकातून आला तो. मागे कोणीतरी केवढ्यांदा शिट्ट्या मारून त्याला फाटकाकडे वळवत होतं, कान किटले! माझी काठी तेवढी राहिली बघ वर."

मी काठीवरून तिला झापलं आणि मग मला रडू आवरेना.

नाथाजींनी हेडफोन टेबलावर ठेवला. "बाई, तुमी कितीबी वरडला तरी म्या शून्य सांगायला पायजे व्हतं."

चूक माझी होती. त्या दिवशी मला ते तोंडाने म्हणवलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्या दारात जाऊन म्हटलं आणि त्यांचं रेडिओवरचं बोलणं संपेपर्यंत तिथेच ऐकत बसले.