गाईला सांगितलेला व्यायाम

आमच्या किन्हीराजाच्या घरात अबोल्याचा एक नियम होता: जी आधी बोलेल ती हरली. लोणच्याच्या एका बरणीवरून माझं आणि माझ्या थोरल्या जावेचं बोलणं बंद झालं, तेव्हा हरायचं नाही असं दोघींनीही मनाशी पक्कं केलं. पण घर एक, चूल एक. मग जे काही सांगायचं ते गाईला, मांजराला, नाहीतर थेट चुलीला. "कोनाले मीठ पायजे असन त कोनाड्यात हाय," असं ती चुलीला सांगायची आणि मी उठून मीठ घ्यायची.

अशातच माझा उजवा खांदा धरला. मिरच्या कांडून कांडून, दुसरं काय! एरंडाची पानं बांधून झाली, हळदीचा लेप झाला, मग हात झोळीत अडकवून ठेवला. जितका जपला तितका तो आखडला. सासरे समोरून आले की पदर ओढायला उजवा हात वर जाईना आणि डाव्याने माझी नुसती धांदल. हातच गेला तर शेतकऱ्याच्या घरात सुनेची किंमत काय, या विचाराने मला घास गोड लागेना.

शेवटी बैलांची दमणी जुंपून मला वाशीमच्या दवाखान्यात नेलं. सोबत अर्थातच थोरली. मी पदर नाकापर्यंत ओढून उभी, त्यामुळे डॉक्टर बोलले ते तिच्याशीच. खांद्यातली शीर सुजली आहे, बांधून ठेवाल तर हात कायमचा अडकेल, रोज व्यायाम करवून घ्या. "असा वर न्यायचा आणि असा खाली आणायचा," म्हणत त्यांनी करूनही दाखवलं. ते तिला दिसलं. मला पदराआडून त्यांचे बूट तेवढे दिसले.

घरी आल्यावर थोरली गोठ्यात जाऊन गाईसमोर बसली. "ऐक व गाई. भिताडावर बोटं चालवत हात वर न्याचा. लय दुखलं त थांबाचं. मंग उतरवाचा." मी दारामागे होते. उतरवायचा कसा, हे गाईने विचारलं नाही आणि मी तर मुळीच विचारणार नव्हते.

झालं, मी रोज भिंतीवर बोटं चढवू लागले. हात वर पोचला की गंगेत घोडं न्हालं, असं म्हणून तो धपकन सोडून द्यायची. थोड्याच दिवसांत खांदा आधीपेक्षा जास्त ठणकू लागला. थोरली ताक घुसळता घुसळता ओठ आवळून बघायची. एकदा ती मांजराला म्हणाली, "चढली तशी हळूच उतराचं." मांजर खरंच फळीवर बसलं होतं, त्यामुळे ते मी मांजरासाठीच धरलं.

एका सकाळी मी कंटाळून हात पुन्हा झोळीत अडकवला आणि गाईला ऐकवलं, "आता हात बांधूनच ठेवा लागते. गेला त गेला."

थोरलीने रवी टाकली. सासू, सासरे, गडीमाणसं, सगळ्यांच्या देखत ती अंगणातून तरातरा माझ्याकडे आली. "काहून बांधून राह्यली? उतरवतानी असा टाकाचा असते का? हळू उतरवणं हेच त औषध हाय, बाई."

आपण हरलो, हे तिला कळलं होतं. तिने माझा हात भिंतीवर चढवला, कोपराखाली आपला तळवा लावला आणि तो हळूहळू खाली आणू लागली. दिवाळीपर्यंत हा हात पुन्हा पदर ओढू लागला, पण ते पुढचं. त्या क्षणी मला, जिंकल्यावर तिला ऐकवायला ठेवलेलं एकही वाक्य आठवेना. तिची इतकी माया आली की डोळे भरून आले.

"बाई, दुखते," मी म्हटलं.

"मालूम हाय मले," ती म्हणाली, आणि तळवा काढला नाही.