बोंबलाच्या वासाचं जॅकेट

जनाआक्कांना मी पहिल्यांदा पाहिलं ते पनवेलच्या मासळीबाजारात. नऊवारी लुगडं, अंबाड्यावर अबोलीचा वळेसर आणि या सगळ्यावर बोटीवरचं नारिंगी लाइफ जॅकेट. अशा थाटात बसून त्या शांतपणे बोंबील साफ करत होत्या. शेजारच्या कोळणीने विचारलं, "जने, बाजारात पानी शिरलं काय गो?" मान वर न करता आक्का म्हणाल्या, "तुज्या डोक्यात शिरलंय. गिऱ्हाइकाकडं बग."

नव्वदचं दशक तेव्हा नुकतंच सुरू झालं होतं. मी लातूरकडची, सातवीत शाळा सुटलेली. आमच्या ह्यांना आक्कांच्या मासेमारीच्या मचव्यावर इंजिन सांभाळायचं काम मिळालं, म्हणून आम्ही त्यांच्या मागच्या खोलीत राहायला आलो. ह्यांना इंजिनातलं सगळं कळे, पोहता मात्र येत नव्हतं. आमच्याकडे पाणी म्हणजे विहिरीच्या तळाशी दिसेल तेवढंच. हे मचव्यावर गेले की मी दारात येऊन वारं बघत राही.

मचव्याचा विमा होता. विम्याचे साहेब तपासणीला येत, तेव्हा माणशी एक जॅकेट दिसलंच पाहिजे, असा त्यांचा आग्रह. आम्ही येण्याआधीच आक्कांच्या मुलांनी ती आणली आणि प्लास्टिकच्या पिशव्यांसकट मचव्यातल्या फळीखाली बांधून टाकली. पुढच्या तपासणीला नवी दिसायला हवीत ना. शिवाय कोळ्याच्या पोरांनी जॅकेट घातलं तर बाकीच्या बोटींवरचे हसणार. आक्कांनी समजावून पाहिलं, मग गप्प बसल्या, आणि एके दिवशी सगळ्या पिशव्या फाडून जॅकेटं घरी घेऊन आल्या. रोज एक अंगात घालून बाजारात बसू लागल्या. खवले चिकटले, हळदीचे डाग पडले, ताठ पट्टे मऊ झाले. थोरला मुलगा संतापला, तेव्हा म्हणाल्या, "आता सायबाला दाखवायच्या कामाची नाय रायली. आता घाला. हसनारे मना हसून दमलेत."

ह्यांचं जॅकेट त्यांनी माझ्याच हाती दिलं. "विमा मचव्याचा हाय पोरी. तुज्या दादल्याचा नाय."

मी माळकऱ्याच्या घरातली. खोलीत ते जॅकेट टांगलं की पदर नाकाला लावून बसायची.

दिवाळीच्या आधी एका संध्याकाळी वारं फिरलं आणि मोरा बंदराच्या पुढे मचवा उलटला. निरोप आला तशा आम्ही दोघी मोऱ्याच्या धक्क्यावर पोचलो. आक्का माझं मनगट घट्ट धरून होत्या. दुसऱ्या बोटीने माणसं आणली. सगळी होती, सगळी जॅकेटात. मचवा गेला म्हणून थोरला धाय मोकलून रडत होता. आक्का त्याच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाल्या, "रड. रडाया तू हायेस, तेवडं पुरं मना."

मी ह्यांच्या ओल्या जॅकेटात तोंड खुपसलं. इतका वेळ खाऱ्या पाण्यात राहूनही बोंबलाचा वास गेला नव्हता.

विम्यातून दुसरा मचवा उभा राहायला फार वेळ लागला. तोवर ह्यांना गुजरातेत कारखान्यात नोकरी लागली. निघताना आक्कांनी सुके बोंबील बांधून दिले. तोवर मी खायला लागले होते. पुढे त्या गेल्या. आम्हाला कळलं तेव्हा सगळं आटोपलं होतं. इथे मला पोरी म्हणणारं कुणी नाही.

परवा ह्यांनी स्कूटरसाठी हेल्मेट आणलं आणि ओरखडे पडतील म्हणून पिशवीसकट खुंटीला लावून ठेवलं. मी पिशवी फाडली आणि हेल्मेट डोक्यात घालून भाकऱ्या थापायला बसले. शेजारीण दारात उभी राहून हसली. तिचं हसून झाल्यावर मी पिठाचे हात त्याला पुसले आणि ते ह्यांच्यापुढे धरलं.

 घालण्याआधी ह्यांनी ते नाकाशी नेलं. वास नुसता पिठाचा होता.