गळकी कोपी

इजिप्तच्या गुलामीतून आपली माणसं सोडवून नेणाऱ्या मोशेला आमच्या शेजारच्या बाई मदतीला मिळाल्या असत्या, तर त्याची माणसं चाळीस वर्षं रानोमाळ भटकलीच नसती. चाळीस दिवसांत, दोघादोघांची रांग करून, हातपाय धुऊन मुक्कामाला पोचली असती आणि वाटेत सतरापर्यंत पाढेही झाले असते. हे मी ऐकीव सांगत नाही. साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर नोकरी संपवून मी घरी आलो, आता ओट्यावर बसून पेपर वाचावा म्हटलं, तर पहिल्याच रविवारी बाई कुंपणावरून डोकावल्या. "काटेवाले, रिकामेच आहात ना?" म्हणाल्या. त्या दिवसापासून मी त्यांचा विद्यार्थी आहे. सत्तरी आली तरी मला वरच्या वर्गात घातलेलं नाही.

बाई बेने इस्राएल. म्हणजे शेकडो वर्षांपूर्वी कोकणच्या किनाऱ्याला लागलेले, तेलाचे घाणे चालवणारे आणि शनिवारी घाणा बंद ठेवतात म्हणून शनवार तेली म्हणवले गेलेले आपले मराठी ज्यू. यजमानांची पाटबंधारे खात्यात बदली झाली म्हणून त्या श्रीगोंद्याला आल्या आणि इथल्याच प्राथमिक शाळेत शिकवून रिटायर झाल्या. पुढं यजमान गेले, मुलगा नोकरीला पुण्यात गेला, आणि गावात ज्यू म्हणून एकट्या बाई उरल्या. दुसरं कुणी असतं तर शुक्रवारी संध्याकाळी आपला दिवा लावून गप्प बसलं असतं. बाईंनी वर्ग काढला! ज्यू धर्म शिकवायचा आणि ज्यू मूल गावात औषधालाही नाही, म्हणून जी मिळाली ती घेतली. शिंप्याची तीन, गिरणीवाल्याची जुळी, अत्तारांची दोन. मुलांना सोडायला आलेल्या माणसाला परत जाऊ द्यायचं नाही हा नियम असल्यामुळे आया, आज्या आणि एकदा तर चुकीच्या पत्त्यावर आलेला गॅस सिलिंडरवाला तासभर मांडी घालून बसला होता. जाताना त्याला महापुरातून वाचलेल्या नोहाच्या तारवातले प्राणी जोडीजोडीने म्हणून दाखवावे लागले.

धडा जिभेला लागला तरच डोक्यात जातो, हे बाईंचं शिक्षणशास्त्र. नव्या वर्षाला सफरचंदाची फोड मधात बुडवून, नवस फेडायला गूळ-खोबरं घातलेल्या पोह्यांचा मलिदा, आणि शब्बाथ, म्हणजे शनिवारचा विसावा, शिकवायचा तर मनुकांचं सरबत. जिभेनंतर नाटक. लाल समुद्र दुभंगायचा असला की बाई आपलं निळं नऊवारी काढतात, दोन आया दोन टोकं धरतात, मुलं मधून धावत पलीकडे जातात आणि मागून येणाऱ्या फारो राजावर समुद्र मिटतो. फारो मी. "तुमच्या मिशाच तशा आहेत," असं बाईंनी पहिल्याच वर्षी तोंडावर सांगितलं. दरवर्षी मी अत्तराचा वास येणाऱ्या त्या पातळाखाली बुडतो, वरून गिरणीवाल्याची जुळी माझ्या पाठीवर नाचतात, आणि आमची ही कुंपणापलीकडून टाळ्या वाजवते. एकदा मी म्हटलं, बाई, यंदा मला मोशे करा, कंबर धरलीय. तर म्हणाल्या, "कंबर धरलेला फारो जास्त खरा वाटतो. बुडा."

त्यांच्या शनिवारचं तर विचारूच नका. त्या दिवशी गॅस पेटवायचा नाही, आणि दुसऱ्याला पेटव असंही सांगायचं नाही. पण चहाशिवाय बाईंचं चालत नाही. मग दहाच्या सुमारास त्या आमच्या ओट्यावर येऊन आभाळाकडे बघत म्हणतात, "आज हवेत गारठा आहे, नाही का हो?" मे महिन्यातसुद्धा. आमची ही निमूट आधण ठेवते. त्यांच्या दाराच्या चौकटीला एक लांबट डबी तिरकी ठोकलेली आहे, आत प्रार्थनेचा कागद असतो, तिला मेझुझा म्हणतात. शेजारी राहायला आलो तेव्हा मी ती बेल समजून चांगली पाच मिनिटं दाबत उभा होतो. बाई आतून बघत होत्या. नंतर म्हणाल्या, "तुमची श्रद्धा बघून मला बोलवेना."

मध्यंतरी एका पालकाने आवाज चढवला होता, "बाई, आमची पोरं बाटवायचा विचार हाय का?" बाई हसल्या. "अहो, आमच्यात यायचं म्हणून कुणी आपणहून दार वाजवलं तरी आम्ही त्याला तीनदा माघारी धाडतो. तुमच्या पोराला शुद्धलेखन येत नाही, त्याला कोण घेतंय?" सगळे हसले, मीही हसलो. त्या दार लावणाऱ्या चालीरीतीनं बाईंच्या स्वतःच्या घरात काय करून ठेवलं होतं, ते मला तेव्हा ठाऊक नव्हतं.

बाईंची सून सुनंदा ही पाथर्डीकडची, तिसगावजवळच्या वस्तीवरची. ऊसतोडणी कामगारांची मुलगी, शिकून नर्स झाली, दवाखान्यातच बाईंच्या मुलाशी गाठ पडली. बाईंनी लग्न हौसेनं लावलं. नात झाली, तिचं नाव रूथ. दोन वर्षांपूर्वी पुण्यात त्यांच्या समाजाच्या कुठल्याशा सणाला मुलांचा कार्यक्रम होता, तिथं वही घेऊन बसलेल्या एका बाईंनी विचारलं, "आई कुठली?" आणि त्यांच्यात धर्म आईकडून येतो, आईचं गोत जुळेना, म्हणून रूथला उचलून पाहुण्यांच्या रांगेत बसवलं. वाईट बोलल्या नाहीत, खाऊही दिला. पण सुनंदा पोरीला घेऊन उठली ती पुन्हा कुठल्या सणाला आली नाही, श्रीगोंद्यालाही नाही. अन् यंदा त्या सात वर्षांच्या पोरीनं फोनवर सरळ विचारलं, "आजी, मी तुमच्यात पाहुणी आहे का?" हे बाईंनी मला कुंपणापाशी सांगितलं. जन्मभर हजेरी घेणाऱ्या या बाईंनी दोन वर्षांपूर्वी आपल्या वर्गातली हजेरीची वही एकाएकी बंद का केली, ते मला तेव्हा कळलं.

"यंदा मांडवाच्या सणाला तिला आणायचीच," बाईंनी पक्कं केलं. हा सुक्कोत, दसऱ्याच्या आगेमागे येतो. मिसरातून, म्हणजे इजिप्तमधून, सुटलेले पूर्वज झोपड्यांत राहिले, त्याची आठवण म्हणून सात दिवस उघड्यावर मांडव घालून त्यात जेवायचं. बाईंचे मांडव हा गल्लीत थट्टेचा विषय. एक साल वाऱ्याने तो गच्चीवरून उडून गिरणीवर जाऊन बसला. गेल्या साली छपराला घातलेले वाढे, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, आमच्या शेळीने जिना चढून फस्त केले, आणि सणाच्या दिवशी बाई चार काठ्यांमध्ये जेवल्या. यंदा त्यांनी मुलाला, सुनेला, नातीला आणि सोबत विहीणबाईंनाही आवतण दिलं. तोडीला जायला अजून अवकाश होता, म्हणून विहीणबाई आल्या, आणि त्या येतायत म्हणून सुनंदाही रूथला घेऊन आली.

त्या गच्चीवर चढल्या, बाईंचा मांडव त्यांनी एकवार पाहिला आणि कपाळाला हात लावला. "इहीनबाई, ह्यो काय बुजगावन्याचा सदरा वाळत घातलाय?" पुढच्या क्षणाला पदर खोचला होता. मला बांबूला पिटाळलं, शिंप्याच्या पोरांना गुऱ्हाळावरून पाचट, उसाचा वाळका पाला, आणायला धाडलं, आणि ऊन कलायच्या आत गच्चीवर अशी कोपी उभी केली की बघत राहावं. तोडणीची माणसं कारखान्याच्या तळावर बांधतात तशी, कमानीसारखी वाकवलेली, पाचटाने दाट शिवलेली, त्यावर वाढे आणि वर ताडपत्री. आयुष्यभर काट्यावरून मी अशा शेकडो कोप्या पाहिल्या होत्या. बांधताना मात्र कधी पाहिलं नव्हतं, याची मला लाज वाटली.

बाई आत शिरल्या, वर पाहिलं, आणि त्यांचा चेहरा पडला. "विहीणबाई, सुंदर झालीय. पण..." त्या चाचरल्या. "हिच्यातून तारा दिसायला हवा. पाऊस आला तर थोडा आत यायला हवा. नाहीतर आमच्या शास्त्राला चालत नाही."

विहीणबाईंना आधी वाटलं चेष्टा चाललीय. मग त्या भडकल्या. "गळाया पायजे? आवो, माजं केस पिकलं कोप्या बांदू बांदू, अजून कुनाची छाती न्हाई झाली मला म्हनायची, का तुजी कोपी गळतीय! आन् तुमी म्हनताय भोक पाड?" बाई पोथी आणायला निघाल्या. पोथी आणल्यावर विहीणबाई म्हणाल्या, "त्यात लिवनाऱ्याला कोपीत झोपवा आदी, मग इचारा." मी मध्ये पडायला गेलो तर दोघींनी एकदम "तुम्ही गप बसा" केलं. याबाबतीत दोन्ही धर्मांचं एकमत आहे.

तेवढ्यात जिन्याशी उभी असलेली सुनंदा बोलली. ती सासूकडे वळली. "माझी पोरगी कोपीत बसणार नाही. गळक्या तर नाहीच. आई, तुम्हाला सण वाटतो हा. मी रात्र रात्र जागून गळतीखाली थाळ्या लावल्यात. तिला याच्यात कधी यावं लागू नये म्हणून मी शिकले."

 रूथ आईकडे बघत राहिली. तिला यातलं काही कधी सांगितलेलंच नव्हतं. "आई, तू अशा घरात राहायचीस?"

सुनंदाने मान फिरवली. आणि बाईंनी, ज्यांनी गॅस सिलिंडरवाल्यालासुद्धा धडा दिल्याशिवाय सोडलं नव्हतं, त्या बाईंनी पोथी मिटली, कोपीत शिरून बसलेल्या वर्गाच्या मुलांच्या रांगेत खाली बसकण मारली आणि म्हणाल्या, "सुनंदा, आज वर्ग तुझा. आमच्या पोथीत चाळीस वर्षांचं झोपडीतलं राहणं चार ओळींत उरकलंय. कोपीत राहिलेलं माणूस मला आजवर शिकवायला मिळालं नव्हतं गं. तू सांग, आम्ही ऐकतो."

 सुनंदा आत आली, दाराशीच टेकली, आणि सांगायला लागली. पहाटे माय-बाप फडात गेल्यावर धाकट्या भावाला झोळीत घालून कोपी राखायची. शाळा दसऱ्यानंतर सुटायची ती उन्हाळ्यातच पुन्हा दिसायची. दरसाल नवा कारखाना, नवा तळ, आणि तिथे पोचलं की मायने अंधार पडायच्या आत कोपी उभी करायची. विहीणबाई पदराने डोळे पुसत होत्या. "चांगलंबी सांग की गं," त्या हळूच म्हणाल्या. सुनंदा थोडी हसली. "एक बारीक भोक होतं उशाशी. माय बुजवायची, मी पुन्हा बोट घालून पाडायची. त्यातून एक तारा दिसायचा."

"म्हंजे तू पाडायचीस व्हय गं टवळे!" विहीणबाई ओरडल्या, आणि सगळ्यांना हसू फुटलं, सुनंदालाही.

रूथ मात्र हसत नव्हती. ती बोटं मोजत होती. "या आजीचे जुने लोक कोपीत राहायचे. त्या आजी कोपीत राहतात. आईपण राहायची. मग मी पाहुणी कशी? मी दोन्हीकडून कोपीतलीच आहे."

 बाईंनी नातीला जवळ ओढलं, ते सोडलंच नाही. विहीणबाई उठल्या, ताडपत्री ओढून काढली आणि आपल्याच हाताने पाचटात बोट घालून एक भोक पाडलं, असं तोंड करून, की जणू दात उपटून घेतायत. "येवढंच. यापरीस मोटं मी न्हाई पाडनार, द्येव आला तरी." संध्याकाळी त्याच भोकाखाली आम्ही सगळे मलिदा खायला बसलो. तारा रूथलाच आधी दिसला.

सण संपला, माणसं पुण्याला गेली, विहीणबाई तोडीला लागल्या. सणानंतर मांडव उतरवायचा असतो, पण बाईंनी उतरवला नाही, शास्त्राकडे पहिल्यांदाच काणाडोळा केला. आता डोळ्यांत मोतीबिंदू वाढलाय, जिना चढवत नाही, तरी दिवस मावळला की मला हाक मारतात, हात धरून वर नेऊन बसवायला सांगतात. सांगायला वाईट वाटतं, पण आमच्या शेळीनं यंदाही डाव साधला. ताडपत्री नव्हती, वाढे तिनं खाल्ले, उरलेलं पाचट वाऱ्यानं नेलं. बांबूच्या कमानी तेवढ्या उभ्या आहेत. परवा आम्ही तिथं बसलो असताना रूथचा फोन आला. "आजी, आपली कोपी आहे ना अजून?"

मी ओशाळून खाली बघायला लागलो. बाईंनी मान वर केली. त्यांना आता आभाळ धूसर दिसतं, ते मला माहीत आहे.

"आहे की बाळा," त्या म्हणाल्या. "आता तर सगळेच तारे दिसतात. तू ये लवकर, मला मोजून दाखव."