कराचीकडे वळवलेली दांडी

"दादूस, तुजी मुंबई लय साफ दिसते. तिचा कायतरी कर."

माशांची पाटी दुकानाच्या पायरीवर टेकवून, पदराने मान पुसत तिने ही तक्रार केली, तेव्हा मी एका टीव्हीच्या पोटात डोकं घालून बसलो होतो. डोकं बाहेर काढून मी पुन्हा विचारलं. तिने पुन्हा तेच सांगितलं. टीव्ही दुरुस्त करणाऱ्याच्या कानावर येणाऱ्या तक्रारी ठरलेल्या असतात. मुंग्या येतात, चित्र पळतं, एका माणसाचे दोन दिसतात, आवाज येतो पण माणूस येत नाही. चित्र चांगलं दिसतं, अशी तक्रार त्याआधी कुणी केली नव्हती आणि नंतरही केली नाही.

आता तुम्ही वाशीच्या कुठल्याही इमारतीकडे पाहिलंत तर खिडकीखिडकीला एकेक ताटली लटकलेली असते आणि सगळ्या ताटल्या एकाच दिशेला बघतात. ऐंशीच्या आगेमागे ताटल्या नव्हत्या, दांड्या होत्या. गच्चीवर लोखंडी पाइप, त्यावर अॅल्युमिनियमच्या आडव्या कांड्या आणि तिथून खिडकीतून आत शिरणारी चपटी वायर. एक माणूस वर दांडी फिरवायचा, दुसरा खालून "आलं, आलं, गेलं!" असं ओरडायचा. या उद्योगात सोसायट्यांमधली कित्येक माणसं कायमची दुरावलेली मी पाहिली आहेत. पण भांडणं झाली तरी दांड्या सगळ्यांच्या खाडीपलीकडे, पश्चिमेला, मुंबईच्या मनोऱ्याकडेच तोंड करून असायच्या.

ही बाई वाशीगावातली कोळीण. आमच्या सेक्टरच्या बाजारात बसायची आणि उरलेला माल घेऊन इमारतींचे जिने चढायची. बाजारात सगळे तिला मावशी म्हणत, म्हणून मीही म्हणायचो. उंच, काळीसावळी, आवाज असा की तिसऱ्या मजल्यावरच्या गिऱ्हाइकाशी ती रस्त्यावरूनच भाव ठरवायची. तिला जाऊन आता बरीच वर्षं झाली. तिच्याइतकं मला कुणी छळलं नाही आणि तिच्याइतकी मला कुणाची आठवणही येत नाही.

माझ्याकडूनच तिने एक जुना, शटरचा, काळापांढरा टीव्ही नेला होता. मी स्वतः जाऊन दांडी बसवली होती आणि चित्र इतकं स्वच्छ लावलं होतं की मला माझाच अभिमान वाटला होता. आणि आता ती म्हणत होती, "मना मुंबई नको. कराची पायजे."

कराचीचं मला नवल नव्हतं. उन्हाळ्यात ती यायची. आमच्या इमारतीतल्या एका सिंधी बाईंकडे चैत्र-वैशाखात संध्याकाळी बायका जमायच्या आणि पलीकडची नाटकं बघायच्या. मावशीने मासे देता देता तिथेच दारातून ती पाहिली होती. मी तिला समजावलं, की ही काही दुकानात मिळणारी वस्तू नाही. टीव्हीच्या लहरी एरवी सरळ जातात आणि पृथ्वी खाली वळते तशा आकाशात निघून जातात. पण उन्हाळ्यात वारा पडला की समुद्रावर गार हवेच्या डोक्यावर गरम हवेचा थर बसतो आणि लहरी त्याच्याखाली अडकून पाण्यावरून लांबवर सरपटत येतात. येतील तर येतील. त्यातून दोन्ही केंद्रं डायलवर एकाच जागी लागतात, त्यामुळे मुंबई सुरू झाली की कराची तिच्याखाली चिरडली जाते.

"मंग तुजी दांडी कशाला हाय?" ती म्हणाली. "जालं कसा भरतीच्या तोंडाला लावतो. तसा लाव."

हे बरोबर होतं, जाळ्यासारखी दांडीही हवी तिकडे वळवता येते. पण कशासाठी, हे तिने सांगितलं नाही आणि मी मोठ्या तोऱ्यात म्हणालो, की नाटकांसाठी एवढी खटपट मी करणार नाही. तिने पाटी उचलली. मग पाटी डोक्यावर असतानाच, पाठ फिरवून, शेजारच्या शिंप्याच्या दुकानाकडे बघत म्हणाली, "माजा भाव तिकरं हाय."

हकीकत अशी होती. खाडीत कारखान्यांचं पाणी उतरायला लागल्यापासून मासळी आटली होती. तिचा धाकटा भाऊ, तिनेच वाढवलेला, वर गुजरातच्या बाजूला एका मोठ्या बोटीवर खलाशी म्हणून गेला. दिवाळीनंतर ती बोट समुद्रात गेली आणि परतली नाही. बरोबरच्या बोटींवरचे काही जण म्हणाले, हद्द ओलांडली, पलीकडच्यांनी धरून नेली. काही जण म्हणाले, वादळात गेली. सरकारी ऑफिसात ती भावजयीला घेऊन दोनदा जाऊन आली. तिथे कुणाकडे नावं नव्हती. मग सिंधी बाईंनी तिला सांगितलं, की पलीकडे धरलेली माणसं कधीकधी तिथल्या बातम्यांत दाखवतात.

मी पान्हा घेतला आणि त्याच संध्याकाळी तिच्या कौलांवर चढलो. दांडी वायव्येला फिरवली. पाइप हातभर उंच केला, माझ्याकडे पडून असलेला एक चांगला बूस्टर जोडला. खाली आलो तर पडद्यावर नुसत्या मुंग्या होत्या. त्यांच्याकडे समाधानाने बघत ती म्हणाली, "आता कसा!"

तिच्या आळीत तेव्हा टीव्ही दोन-तीनच. रविवारी तिच्या घरी सिनेमा बघायला येणारी आळी पहिल्याच रविवारी मुंग्या बघून परत गेली आणि पुढे महिनाभर तिच्याशी नीट बोलत नव्हती. मावशीला त्याचं काही वाटलं नाही. तिचं वेळापत्रक ठरलेलं होतं. बाजारातून लवकर उठायचं, मुंबई सुरू व्हायच्या आत घरी पोचायचं आणि पाटावर बसून मुंग्या बघायच्या. मुंबईची निवेदिका मुंग्यांतून अंधुक उगवून गोड हसली की मावशी तिला "आयली बया" म्हणायची आणि बटण बंद करायची.

दुपारी माझ्या दुकानावरून जाताना ती न चुकता थांबायची. हात डोळ्यांवर धरून आभाळाकडे बघायची, वारा हुंगल्यासारखं करायची आणि निकाल द्यायची, "आज येल." कोळीण आहे, वाऱ्यातलं हिला कळत असणार, म्हणून मी सुरुवातीला विश्वास ठेवला. मग माझ्या लक्षात आलं, की ती रोजच "आज येल" म्हणते. सोसाट्याचा वारा असला तरी तेच. मी एकदा विचारलं, तर म्हणाली, "नाय येल बोलले तर तू येशील का रं?"

कारण मी रोज जायला लागलो होतो. दुकानात गिऱ्हाईक ताटकळत ठेवून मी सायकल काढायचो, तिच्या कौलांवर चढून दांडी बोटभर इकडे, बोटभर तिकडे करायचो. ती मला मोबदला म्हणून मांदेली बांधून द्यायची. आमच्या घरात मासे शिजत नव्हते. मी ती पुडी शिंप्याला द्यायचो, आणि शिंपी माझ्या कामाची चौकशी माझ्यापेक्षाही आस्थेने करायचा.

कराची मधूनमधून यायची. एखाद्या संध्याकाळी मुंग्या विरळ व्हायच्या आणि त्यांतून कुणीतरी शेरवानीतला माणूस बोलू लागायचा. मावशीला त्यातलं अक्षर कळत नव्हतं, मलाही अर्धंच कळायचं. शेतीचा कार्यक्रम, मुलांची गाणी, बातम्या, तिला सगळं सारखंच. ती बोलणाऱ्याकडे बघायचीच नाही. त्याच्या मागे कोण उभं आहे, ते बघायची.

मे महिना सरत आला तशी गावात बोलाचाली सुरू झाली. भावजय तरणी होती, पदरात मूल नव्हतं, तिचे माहेरचे तिला न्यायला टपले होते. गावकीतले एक जाणते गृहस्थ एका संध्याकाळी आले. मी तिथेच होतो. ते मुंग्यांकडे पाहत अवघडून बसले आणि म्हणाले, "बाय, पोरीचा काय ता ठरवाला पायजे. त्याचं दिवस करून टाकू. तिला तरी मोकली कर."

भावजय चुलीपाशी होती. तिने मान वर केली नाही.

"पावसापर्यंत थांबा," मावशी म्हणाली. "पावसात कराची बंद व्हते. ती बंद झाली का तुमी बोलाल ता करीन."

ते गृहस्थ माझ्याकडे बघू लागले, जणू कराची मीच चालवत होतो. मी म्हटलं, तांत्रिकदृष्ट्या बरोबर आहे. तेवढ्यावर त्यांनी ऐकलं. पण एका माणसाला जिवंत धरायचं की मेलेलं, हे आता माझ्या त्या चार कांड्यांवर आलं होतं आणि त्यांच्यावर माझा स्वतःचा तितकासा विश्वास नव्हता.

पावसाला थोडे दिवस उरले असताना एका उकाड्याच्या संध्याकाळी, पानही हलत नव्हतं, कराची अशी काही आली की मी कौलांवरून जवळजवळ उडी मारूनच खाली उतरलो. बातम्या चालू होत्या. भिंतीला लागून उकिडवी बसवलेली माणसं दिसली. दोन रांगा, मागे एक वर्दीवाला. कॅमेरा सावकाश त्यांच्यावरून फिरला. कोपऱ्यातल्या एकाने डोक्यावर हात ठेवला होता, ऊन लागतं म्हणून ठेवतात तसा. मावशी उठली आणि तिने काचेवर तळवा टेकवला.

"ह्यो," ती म्हणाली.

लगेच चित्रावरून आडवे पट्टे धावू लागले. मुंबई सुरू झाली होती.

भावजय पुढे आली, तोवर पडद्यावर निवेदिका होती. "मना नाय दिसला," ती म्हणाली.

"मना दिसला ना. वालला हाय. केस कापलेत." आणि माझ्याकडे वळून, "दादूस, माणसां व्हती ना?"

"होती," मी म्हटलं. माणसं होतीच. पण चेहरा ओळखावा इतकं त्या चित्रात काही नव्हतं, हे मी पोट भरायला रोज चित्रंच बघणारा माणूस म्हणून सांगतो. तिला तसं सांगायची माझी छाती झाली नाही. ती रडत होती आणि मोठ्याने हसतही होती, आणि खरं सांगायचं तर माझेही डोळे भरून आले होते.

दिवस घालायचं बारगळलं. माहेरचे परत गेले. मावशी वर्षभर त्या कोपऱ्यातल्या माणसाबरोबर राहिली म्हणा ना. थंडी पडली की म्हणायची, त्याच्या अंगात नुसता सदरा होता. नारळी पौर्णिमेला त्याच्या नावाचा वेगळा नारळ खाडीत सोडला. भाव करताना गिऱ्हाइकांनाही सांगायची, की भाऊ आहे पण फार वाळलाय, आणि गिऱ्हाईक बिचारं घासाघीस सोडून द्यायचं.

आणि पुढच्या उन्हाळ्याच्या तोंडावर भाऊ आला. पलीकडच्यांनी बोटीवरची सगळी माणसं सोडली होती. मावशीने त्या दिवशी बाजारात पाटीच्या पाटी फुकट वाटली. मीही पुडी घरी नेली. बायकोने ती परत शिंप्याकडे पाठवली, पण नेली.

दहाएक दिवसांनी भावजयीने मला बोलावलं. घरधन्याला सिनेमे बघायचे होते, दांडी मुंबईकडे करून द्या म्हणाली. मी आनंदाने कौलांवर चढलो आणि नट सैल केला. कौलांवरून खालचं सगळं ऐकू येतं. आमच्या धंद्यात लोकांची गुपितं अशीच कळतात. खाली मावशी भावाला चहा देत होती.

"त्या दिवशी तुमचा फोटो काडला, तवा तू कोपऱ्यान बसलावतास. डोक्यावर हात ठेवून. मी बगला तुला."

"कवा?"

"गेल्या उन्हाल्यान. टीवीवर."

"आमचा फोटो कोनी काडलाच नाय, बाय," भाऊ म्हणाला. "आमी पयल्यापासून आतच व्हतो. बाहेर बसवलाच नाय कदी. दुसरं कोन असतील."

चहाची बशी खाली ठेवल्याचा आवाज आला.

"मंग तो कोनाचा व्हता?" मावशी म्हणाली.

भावाला तो प्रश्न कळला नसावा. तो हसला आणि म्हणाला, जाऊ दे ना आता, मी आलोय ना. मी वरून हाक मारली, "मावशी, फिरवू का मुंबईकडे?"

"नको," खालून आवाज आला. "राव दे."

मी नट पुन्हा आवळला आणि खाली उतरलो. आत गेलो तेव्हा तिने टीव्ही लावला होता आणि ती पाटावर बसली होती. पडद्यावर दाट मुंग्या होत्या. ज्याच्यासाठी हे सगळं केलं तो भाऊ, हाडं वर आलेला, टीव्हीच्या पुढ्यातच चहा पीत बसला होता. तिने त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि त्याला हलकेच एका बाजूला ढकललं.

"जरा सरक," ती म्हणाली. "मना दिसत नाय."