खिडकीतलं फुलपात्र

शेजारच्या काकांचं फुलपात्र अजून त्यांच्या स्वयंपाकघराच्या खिडकीत उपडं आहे. त्यांना प्रायॉनचा आजार आहे, असं डॉक्टरांनी सांगितलं त्या दिवशी सुनेनं ते इतर भांड्यांतून वेगळं काढलं.

"असा पसरत नाही गं तो आजार," मी म्हटलं.

"डॉक्टरही तेच म्हणाले. पण घरात लहान मूल आहे ना."

आजारच चमत्कारिक. मेंदूतलं एक प्रथिन चुकीचं दुमडतं आणि शेजारच्या प्रथिनालाही तसंच दुमडायला लावतं. ते जिवंतच नसतं, त्यामुळे उकळूनही मरत नाही. परदेशात गायींना गायींच्याच हाडामांसाचा भुगा चारला, तेव्हा ते गायींत पसरलं आणि त्यांच्या मांसातून माणसांत आलं. दूरच्या एका बेटावर तर आपलं माणूस गेलं की त्याला किड्यांनी खाण्यापेक्षा आपणच खावं, अशी रीत होती. त्या मायेतून ते बायकामुलांत गेलं.

काकांना मात्र ते कुठूनच आलं नव्हतं. आपसूक झालं होतं, आणि घरात कुणाला त्यांच्यापासून होणारही नव्हतं. तरी शेवटचे महिने त्या फुलपात्राला काकूंशिवाय कोणी हात लावला नाही.

काल काका गेले. संध्याकाळी मी भेटायला गेले, तेव्हा त्यांच्या खाटेच्या जागी दिवा तेवत होता. शेजारी पाणी ठेवलं होतं, मांडणीवरच्या, घरातल्या सगळ्यांच्या रोजच्या फुलपात्रात.

काकू त्याच्याकडे बघत होत्या. "सुनेनं भरलं," त्या म्हणाल्या. "आज त्यांना आपल्यातलं दिलं."