पोटातला गोळा

तेव्हा मी पासष्टीची पोर होते, अक्कल यायची होती. आता आली असं घरात कोणी मानत नाही, ते सोडा.

बालाघाटहून नागपूर, तिथून विमान, मग एका मोठ्या शहरात विमान बदलून लेकीकडे पोचायचं होतं. पहिलं बाळंतपण, पोटात बाळ आडवं, जावई जहाजावर नोकरीला. दुपारी ऑपरेशन होतं. फोनवर तिचं एकच, आई आल्याशिवाय आत जाणार नाही. डॉक्टर थांबायला तयार नव्हते.

विमान बदलताना पुन्हा तपासणी. बांगड्या, किल्ल्या, सगळं ट्रेमध्ये टाकलं. कनवटीला मात्र कापडात बांधलेले बिबे ठेवले, बाळंतिणीला नजर लागू नये म्हणून. बिब्यात लोखंड थोडंच असतं, हे आमचं विज्ञान.

पण इथं तपासणीला काचेचं कपाट होतं, ते लोखंड शोधतच नव्हतं. आत हात वर करून उभं राहायचं. त्याच्या लहरी लुगड्यातून आत जातात, अंगावरून परत फिरतात, अन् मधे काही वेगळं लागलं की पडद्यावरच्या बाहुलीवर तिथं पिवळा चौकोन उमटतो. माझ्या बाहुलीच्या पोटावर उमटला.

तपासणाऱ्या पोरीनं विचारलं, "माताजी, पेट पर क्या है?"

बिबे म्हणायची लाज वाटली. शिवाय काढून घेतले तर? जीव घाबरलेलाच होता, तेच माझ्या झोकदार हिंदीत सांगितलं, "बेटी, पेट में गोला आया है."

"गोला?"

"हौ. बहुत बड़ा. सुबह से."

सारा जन्म हिंदीवाल्यांत काढला, पण तिकडे गोळा तोफेचा असतो हे या बाईसाहेबांना, म्हणजे मला, आठवलं नाही. मला पडद्याआड नेलं. गाठ सुटेना. एकेक बिबा तपासून होईपर्यंत मी रडत पाया पडत होते. शेवटी तीच पोरगी माझा हात धरून धावली. दार बंद झालं होतं. विमान काचेपलीकडे उभं होतं.

तेवढ्यात फोन वाजला. "आई, मले नेऊन राह्यले. कुठी आहेस?"

"आली ना बाई. दारातच आहो. जाय तू."

माझ्या शब्दावर ती आत गेली.

पुढच्या विमानापर्यंत तिथंच बसून होते. तिकडे फोन कोणी उचलेना. देवासाठी मीठ सोडलं, साखर सोडली. बोलणंही सोडते म्हटलं, त्यावर त्याचा विश्वास बसला नसावा.

पोचले तेव्हा नात काचेच्या पेटीत होती, नळ्या लावलेली. लेकीनं डोळे उघडले.

"दारात होतीस, तं आत काहून नाही आलीस?"